कुठें म्हणून विचारायचं नाहीं

आमच्या भावजींइतकं हळू धावणारा माणूस सगळ्या कावेरीकाठी आजवर झाला नाही, आणि धावण्याबद्दल त्यांच्याइतकं बोलणारा पृथ्वीच्या पाठीवर सापडायचा नाही. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. ते धावत असताना केळीचे घड लादलेले सायकलवाले त्यांना मागे टाकत, शाळेत निघालेल्या मुली गप्पा मारत चालत चालत पुढे जात, आणि एकदा तर एक म्हैस मागून आली, थोडा वेळ त्यांच्या बरोबरीनं चालली आणि कंटाळून पुढे निघून गेली. पण संध्याकाळी तिण्णैवर, म्हणजे आमच्याकडे दाराबाहेर बसायला जो ओटा असतो त्यावर, बसून भावजी आपल्या धावण्याचं वर्णन करू लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, वारासुद्धा यांना विचारून सुटतो. हे सगळं मी निर्धास्त लिहिते आहे, कारण भावजींना देवनागरी वाचता येत नाही. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी सगळी घरं बोलतात, वाचत जवळजवळ कोणीच नाही. लिहायचं झालं तर तमिळ, नाहीतर इंग्रजी. मी ही अक्षरं शिकले ती पुढे नवऱ्याची सोलापूरला बदली झाली तेव्हा. तिथल्या बायका माझं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावायच्या. "तुम्ही ऐतिहासिक नाटकात कामं करता का हो?" असं एकीनं विचारलंसुद्धा. त्या बाईवरच्या रागानं शिकलेलं लिहिणं आज भावजींच्या कामी येतं आहे.

भावजी मुळात धावणारे नव्हेत. ते विम्याच्या एका कचेरीत आकडेमोड करत. आकड्यांचा लांबलचक रकाना समोर आला की वरून खाली नुसतं बोट फिरवायचे आणि तळाशी बेरीज लिहून मोकळे व्हायचे. साहेब लोक बाहेरगावच्या पाहुण्यांना मुद्दाम त्यांच्या टेबलाशी आणून हा खेळ दाखवत, आणि त्या दिवशी भावजी घरी आले की अक्काला दोनदा कॉफी करावी लागे. मग नव्वदनंतरची ती वर्षं आली. गल्लीत केबल आली, कोपऱ्यावर एसटीडीचं पिवळं बूथ आलं, टपरीवर परदेशी शीतपेयाच्या बाटल्या आल्या आणि भावजींच्या कचेरीत कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी काचेची खोली बांधली, तिला एसी लावला आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या असा नियम केला. भावजींचा पगार चालू राहिला, काम तेवढं गेलं. दिवसभर ते काचेच्या बाहेर खुर्ची टाकून बसत आणि आत ते यंत्र आपल्या बेरजा करतं आहे हे बघत. घरी येऊन कोणाशी बोलत नसत. असे बरेच महिने गेल्यावर एका रविवारी त्यांनी टीव्हीवर परदेशातली एक शर्यत पाहिली. माणसं सबंध दिवसभर डोंगर चढत-उतरत धावत होती. धापा टाकत होती, ओकत होती, रस्त्याच्या कडेला बसून रडत होती आणि पुन्हा उठून धावत होती. भावजी हातातला पेला तसाच धरून बसले. मग म्हणाले, "हें त्या यंत्रास करायला येईल का?"

अक्का भेंडी चिरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "त्यास वेड लागलं नाहीं अजून."

दुसऱ्या दिवशी पहाटे भावजी धावायला लागले. वेष्टी, म्हणजे आमच्याकडचं लुंगीवजा धोतर, अर्धी वर दुमडलेली, तिच्यावर कमरेचा जाड पट्टा, कपाळाला गंध, आणि पायांत पुतण्यानं अमेरिकेहून आणलेले पांढरे बूट. हे बूट एका मापानं मोठे होते, म्हणून पुढे वर्तमानपत्राचा बोळा. भावजींचं म्हणणं, बोळा इंग्रजी पेपरचाच हवा, तमिळ पेपरचा कागद घामानं विरघळतो. आमच्या भागात पावलापावलावर देऊळ; कोपऱ्याकोपऱ्यावर पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपती, बसलेला. भावजींसारखा आस्तिक माणूस त्याच्यासमोरून बूट घालून कसा जाणार? पहिले काही आठवडे ते प्रत्येक पिळ्ळैयारासमोर थांबत, खाली बसून नाड्या सोडत, बूट काढत, नमस्कार करत, पुन्हा बोळे नीट बसवून नाड्या बांधत आणि दहा पावलं धावून पुढच्या पिळ्ळैयारासमोर पुन्हा खाली बसत. राजवाड्यापासून रेल्वे स्टेशनपर्यंत जायला त्यांना इतका वेळ लागे की मी शाळेत पहिला तास शिकवायला जाताना त्यांना एका देवळापाशी बघायची आणि तास घेऊन आल्यावर खिडकीतून बघावं तर स्वारी त्याच्या शेजारच्या देवळापाशी! शेवटी त्यांनी तोड काढली. बूट काढायचे नाहीत. धावता धावताच आपल्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घ्यायच्या. आमच्याकडे देवासमोर तसं करतातच, पण थांबून करतात. पहाटेच्या वेळी एक जाडजूड गृहस्थ धापा टाकत, स्वतःच्या थोबाडीत मारत पळतो आहे हे पाहून बाहेरगावची माणसं रस्ता सोडून उभी राहत. एका म्हातारीनं तर मला अडवून विचारलं, "बिचाऱ्याच्या हातून काय झालं गे?"

आता दुखापतींकडे वळते, कारण खरं सांगायचं तर भावजींनी धावण्याचा सराव फार कमी केला आणि दुखापतींचाच भरपूर केला. पायाच्या तळव्यापासून सुरुवात करून ते क्रमानं वर गेले. आधी फोड आले. मग अंगठ्याचं नख काळं पडून गळलं. ते नख या माणसानं टाकून द्यावं की नाही? नाही. भावजींनी ते एका लहानशा चांदीच्या करंड्यात जपून ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. शुक्रवारी सवाष्णी आल्या, अक्कानं कुंकवाचा म्हणून तोच करंडा उचलला आणि पुढ्यात बसलेल्या शेजारच्या मामीच्या कपाळाकडे हात नेताना तिच्या बोटाला ते लागलं. मामी किंचाळत थेट कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथपर्यंत गेली. भावजी आतून ओरडत होते, "सांभाळून, सांभाळून! हरवेल तें!"

नखानंतर पोटरी. पोटरीत गोळा आला की भावजी असतील तिथे रस्त्यात आडवे होत आणि येणाऱ्या माणसाला पाय ओढायला सांगत. नंतर गुडघा. गुडघ्याचं कारण असं की टीव्हीवरच्या शर्यतीत डोंगर होते. आमच्या मुलखात डोंगर कुठला? सगळी भातखाचरं, कालवे आणि नारळी; जमीन अशी सपाट की चेंडू ठेवला तर तो बसून राहतो. भावजींना जो उंचवटा सापडला तो रेल्वेवरचा पूल. तो ते रोज चढत-उतरत. खाली गाड्या जात, वर भावजी जात, आणि पैज लावल्यासारखे प्रत्येक गाडीला ओरडून सांगत, "अजून अहें!" गुडघा नारळाएवढा सुजला. मी म्हटलं, "भावजी, ज्या रस्त्यावर तुम्ही धावणार तिथें एक टेकाडसुद्धां नाहीं, मग हा पूल कशाला?" तर म्हणाले, "दुखतं म्हणजे पाय अहे म्हणून कळतं. तुमच्यासारखे लोक, पाय अहे का नाहीं हें न कळतांच मरून जातांत."  दुसऱ्या एका वेळी कालव्याच्या बांधावरून धावताना समोरून बस आली, हे बाजूला झाले ते थेट खालच्या खाचरात, नुकत्याच लावलेल्या रोपांवर. लावणी करणाऱ्या बायकांनी असा काही तोंडाचा पट्टा सोडला की भावजींनी मुकाट्यानं वेष्टी खोचून मोडलेली सगळी ओळ स्वतः पुन्हा लावून दिली. रात्री कमरेला तेल चोळून घेताना मला सांगतात, "वाकायचा अभ्यास कमी पडत होता, तो आज झाला."

पण भावजींचं सर्वांत मोठं दुखणं पायात नव्हतं. ते आमच्या गल्लीच्या तोंडात होतं. घरातून बाहेर पडणाऱ्या माणसाला 'कुठें?' म्हणून विचारायचं नाही, हे तुमच्याकडेही पाळत असतील. विचारलं की काम फिसकटतं. मग त्या माणसानं परत आत यायचं, बसायचं, पाणी प्यायचं आणि पुन्हा निघायचं. निघतानाही 'जातों' म्हणायचं नाही, 'जाऊन येतों' म्हणायचं, आणि मागच्यांनी 'जाऊन या' म्हणायचं. हे सगळे पाळतात, पण भावजींनी त्याचा कायदाच केला होता. एकदा हटकलं तर आत येऊन बसून पाणी; दोनदा हटकलं तर त्या दिवशी बाहेर पडणं बंद. दूधवाल्याला, पेपरवाल्याला, समोरच्या घरच्या म्हाताऱ्याला, सगळ्यांना त्यांनी दम दिला होता. पहाटे भावजी उंबऱ्यावर दिसले की सगळी गल्ली तोंडात गुळणी धरल्यासारखी गप्प होई. एक नवीन आलेला पोस्टमन बिचारा सहज बोलून गेला, तर भावजींनी त्यालाही आपल्याबरोबर आत नेऊन बसवलं आणि पाणी पाजलं.

आणि इतकं सगळं करून त्यांना हटकणारं माणूस घरातच होतं. अक्का. भावजी नाड्या बांधून पायरीवर आले की अक्का दाराशी येई. रोज काही बोलायची नाही. पण पंधरा दिवसांत एखादे वेळी, भावजी 'जाऊन येतों' म्हणायच्या आत, हिच्या तोंडून निसटे, "कुठें?"

भावजी जागच्या जागी थिजत. "अगे, इतकीं वर्षं झालीं लग्नास! कुठें म्हणून विचारायचं नाहीं हें तुजला कळत नाहीं का?"

"विसरलें. बसा. पाणी आणतें."

पाणी पिऊन, तोंडानं पुटपुटत भावजी पुन्हा पायरीशी जात, तो स्वयंपाकघरातून आवाज येई, "ऐकलांत का? कुठें निघालांत?" झालं. त्या दिवसाचं धावणं बंद. भावजी बूट काढून कोपऱ्यात फेकत आणि दिवसभर तिण्णैवर पाय पसरून येणाऱ्याला सांगत की आमच्या घरात विसराळूपणाचा रोग शिरला आहे. सगळ्या गल्लीला अक्काची कीव यायची. मलाही यायची. मग एका पहाटे मी तिथे होते, आणि मी बघितलं. अक्का दाराशी आली ती आधी खाली बघत होती. भावजींच्या पायांकडे. उजव्या पायाला सूज होती, घोटा दिसत नव्हता. तिनं नीट बघितलं, मग मान वर केली आणि अगदी भोळ्या चेहऱ्यानं विचारलं, "कुठें?" मी स्वयंपाकघरात तिला गाठलं. म्हटलं, "विसरतेस होय गे तू?" तर तिनं मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि फोडणीत मोहरी टाकली.

म्हणजे बघा. हाडांचे डॉक्टर म्हणत, माझ्या मलमानं गुडघा उतरला. भावजी म्हणत, माझ्या पद्धतीनं उतरला. आणि ज्या विश्रांतीनं तो उतरला ती अक्का एका शब्दात देत होती, वर शिव्याही खात होती. त्या वर्षभरात भावजी जे काही धावू शकले ते तिनं धावू दिलं म्हणून. भावजींच्या कुठल्याही व्याख्यानात मात्र तिचं नाव आलं नाही.

अशात शर्यत ठरली. आपल्याकडे कोण ठेवणार दिवसभराची शर्यत, असं आम्ही समजून होतो. पण त्या वर्षांत काहीही होत होतं. शीतपेयाच्या एका विक्रेत्यानं जाहिरातीसाठी तंजावूर ते कुंभकोणम आणि परत अशी धावण्याची शर्यत जाहीर केली. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. बसमध्ये बसून गेलं तरी कंबर धरते. भावजींनी नाव दिलं आणि कचेरीत सांगून टाकलं. काचेच्या खोलीतली पोरं त्या दिवशी प्रथमच बाहेर येऊन त्यांच्या टेबलाशी उभी राहिली. हसत होती म्हणा, पण उभी राहिली. भावजी घरी आले ते पूर्वीसारखे दोनदा कॉफी मागत.

आणि पंधरा दिवस उरले असताना टाच गेली. उजवी. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की भावजी हुंकार देत, तो शेजारच्या घरात ऐकू जाई. डॉक्टरांनी टाच दाबून बघितली आणि सरळ सांगितलं, "ह्या टाचेवर कुंभकोणम करून आलात तर पुढे जन्मभर लंगडाल. मग माझ्याकडे येऊ नका." भावजींनी त्यांच्यासमोर मान हलवली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ह्यांना धावण्यांतलं काय कळतं? ते मोटारींतून येतांत."

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी अक्काकडे राहायला गेले. ती तांदूळ निवडत बसली होती. मी तिला स्पष्ट सांगितलं, "उद्या दोनदा विचार. काय शिव्या देतील त्या देऊं देत. पाय तर राहील." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. मी पुन्हा म्हटलं, "ऐकतेस ना?" ती म्हणाली, "ऐकतें."

पहाटे भावजी पायरीवर उभे. नवीन बोळे, नवीन पट्टा. टाच बुटात बसत नव्हती, म्हणून बुटाची मागची बाजू कात्रीनं कापलेली. अक्का दाराशी आली. तिनं खाली बघितलं, बराच वेळ बघितलं. मी तिच्या मागे उभी राहून तिच्या पाठीत बोटानं ढोसत होते. भावजींची पाठ आमच्याकडे होती. त्यांनी नाडी सोडली, बांधली. परत सोडली, परत बांधली. खांदे असे आवळून धरलेले, की मागून धपाटा येणार हे ठाऊक असलेलं पोर जसं उभं राहतं. 'जाऊन येतों' म्हणत नव्हते. आणि अक्कानं वर त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली,

"जाऊन या."

भावजींनी वळून बघितलं. खरोखर, त्या क्षणी त्यांच्यासारखा घाबरलेला माणूस मी पाहिला नाही. मग ते गेले. मी अक्कावर अशी भडकले की विचारू नका. "तुजला काय झालं? एक शब्द बोलायचा होता! जन्मभर लंगडतील ते, मग कोण करणार त्यांचं?"

अक्का पायरीवरच बसली. "मीच करीन," म्हणाली. "इतके दिवस पाय बघत होतें. आज विचारलं असतं तर आले असते आंत. बसले असते, पाणी पिले असते. आणि मग परत कधीं उठले नसते. त्या काचेसमोर बसत होते तसे घरांत बसले असते." आणि पदरानं डोळे पुसून मला म्हणाली, "तू कशाला उभी अहेस? तुझी मोपेड अहे ना? ताक घे, दहीभात घे, जा त्यांच्या मागें."

तर अशी मी त्या दिवशी मोपेडवर ताकाचा थर्मास लटकवून भावजींच्या मागे गेले. मागे जाणं फार कठीण होतं, कारण इतक्या हळू मोपेड चालवली की ती पडते. मी पुढे जाऊन झाडाखाली थांबायची, भावजी यायचे, ताक प्यायचे, वाटेतल्या पिळ्ळैयाराच्या नावानं थोबाडीत मारून घ्यायचे आणि पुढे व्हायचे. बाकीचे धावणारे कधीच दिसेनासे झाले होते. खरी भीती पापनाशमची होती. तिथे ऐन रस्त्यावर भावजींच्या आत्त्याचं घर, आणि आत्त्या दिवसभर तिण्णैवर बसून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला, कुत्र्यालासुद्धा, 'कुठें रे?' म्हणून विचारणारी. तिनं विचारलं की भावजींच्या कायद्यानं परत घर! मी मोपेड पिटाळत पुढे गेले, आत्त्याच्या पाया पडले आणि पिशवीतला दहीभात तिला भरवायला बसले. भावजी दिसू लागले तशी तिचं तोंड उघडलं. मी घास कोंबला. पुन्हा उघडलं, पुन्हा कोंबला. भावजी मान खाली घालून, गालांवर चापट्या मारत, आत्त्याकडे न बघता लंगडत निघून गेले. घास गिळून आत्त्या म्हणाली, "कोण गे तो म्हातारा? आमच्या बाळासारखा दिसतो." भावजींचा सगळा दहीभात ती खाऊन बसली होती.

कुंभकोणमला पोचले तेव्हा ऊन असं होतं की डांबर बुटाला चिकटत होतं. तिथून वळायचं आणि परत निघायचं, एवढंच काम. पण भावजी वळेनात. रस्ता ओलांडून सरळ बाजारात शिरले. मला वाटलं, डोकं फिरलं. जाऊन बघते तर पानवाल्यासमोर उकिडवे बसून तिथली नावाजलेली विड्याची पानं निवडताहेत! एकेक पान उजेडात धरून, देठ मोडून बघताहेत. मी ओरडले, "भावजी, शर्यत अहे!" तर म्हणतात, "कुंभकोणमला येऊन पानं न घेतां परत जायचं? घरीं काय सांगूं?" शर्यतीतल्या एका तरुण स्वयंसेवकानं हे बघितलं आणि शिट्टी तोंडात धरून तो तसाच उभा राहिला. पानं ओल्या फडक्यात बांधून भावजींनी बनियनच्या आत छातीशी ठेवली. उठताना मात्र त्यांना उठता येईना. पानवाल्यानं आणि मी धरून उभं केलं. "मोपेडवर बसा," मी म्हटलं, "कोणास कळणार नाहीं." भावजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं थर्मासचं झाकण लावलं.

परतीचं काय सांगू? ते धावणं नव्हतं. धड चालणंही नव्हतं. पापनाशमच्या पुढे त्यांनी एका बांधावरून काठी उचलली. बोलणं बंद झालं. माझ्या आयुष्यात भावजी इतका वेळ गप्प राहिल्याचं मी प्रथमच बघत होते, आणि मला ते सहन होईना. मी शाळेतली बाई. पोरांना हसवते, रडवते. पण त्या संध्याकाळी अय्यमपेट्टईच्या रस्त्यावर मी मोपेड हातानं ढकलत त्यांच्या शेजारून चालत होते आणि ढसाढसा रडत होते. भावजी इतकंच म्हणाले, "धाकटे, रडूं नको. पानं भिजतील."

मध्यरात्र होत आली तेव्हा आम्ही गावात पोचलो. शर्यतीची कमान उतरवून नेली होती. शीतपेयाची गाडी केव्हाच गेली होती. टाळ्या वाजवायला कोणी नाही. रस्ता झाडणारी एक बाई होती, तिनं भावजींना बाजूला व्हायला सांगितलं. ते बाजूला झाले आणि तसेच घराकडे वळले. अक्का पहाटे जिथे बसली होती तिथेच, पायरीवर, तांब्या घेऊन बसली होती. भावजी आले, तिण्णैवर टेकले. तिनं पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. ते घटाघटा प्यायले. दिवसभर तोंडात धरून ठेवलेला शब्द मग तिनं सोडला.

"कुठें जाऊन आलांत?"

"इथेंच. कुंभकोणमला." आणि भावजींनी बनियनमधून पानांचं पुडकं काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. पानं घामानं शिजल्यासारखी झाली होती. अक्कानं त्यातलं एक खरोखर खाल्लं. मी बघितलं आहे.

डॉक्टरांचं म्हणणं खरं झालं. भावजी परत कधी धावले नाहीत आणि तेव्हापासून लंगडतात. पण त्या एका दिवसावर त्यांनी आम्हाला जे छळलं आहे, त्याला तोड नाही. कुंभकोणमचं नाव कोणी काढायची सोय नाही. लग्नाच्या पंगतीत, तेराव्याच्या जेवणात, दात काढायला गेले तर दंतवैद्याच्या खुर्चीत, तीच गोष्ट. दर वेळी म्हैस मागे पडते आणि भावजी पुढे जातात. काचेची खोली पुढे मोडली, कॉम्प्युटर सगळ्यांच्या टेबलावर आले, भावजी निवृत्त झाले. अक्का मात्र शेवटपर्यंत दाराशी येत राहिली. भावजी कढीलिंब आणायला निघाले तरी आधी पायांकडे बघायची आणि वाटलं तर विचारायची. भावजी तितक्याच त्वेषानं ओरडत आत येऊन बसायचे.

अक्का गेली त्याला तीन वर्षं झाली. घरात मुलगा आहे, सून आहे. सून गुणी, सासऱ्यांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कुठें म्हणून विचारायचं नाही, आणि ती कधी विचारत नाही. गल्लीतही कोणी विचारत नाही. भावजींनी सगळ्यांना इतकं चांगलं तयार केलं आहे.

गेल्या महिन्यात मी सोलापूरहून येऊन त्यांच्याकडे उतरले होते. सकाळी भावजी पिशवी घेऊन पायरीवर आले. चपलेचा पट्टा लावला. सोडला. परत लावला. पाठ दाराकडे. खांदे आवळलेले. सून आतून अदबीनं म्हणाली, "जाऊन या." तरी हे उभेच. मी उंबऱ्याशी उभी होते. मी त्यांच्या पायांकडे बघितलं; उजवा घोटा सुजला होता. मी अगदी अक्काच्याच सुरात म्हटलं, "भावजी, कुठें?"

ते गरकन वळले. "अगे धाकटे! केस पिकले, अजून अक्कल नाहीं? निघालेल्या माणसास कुठें म्हणून विचारतांत का?" ओरडत ओरडत आत आले, खुर्चीत बसले. मी पाणी आणून दिलं. ते सगळं प्यायले, सावकाश. पेला खाली ठेवला आणि पिशवीची घडी करत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"उद्यां अहेस ना इथें?"

माझं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं.

"अहें," मी म्हटलं.